अम्माउसची वाट दाखवणारी संत मरियम बावार्दी

पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकाला एक प्रश्न हमखास पडतो. पुनरुत्थित प्रभू येशू दोन शिष्यांबरोबर चालत गेला, ते अम्माउस नेमके कोणते? संत लूकच्या शुभवर्तमानात जेरुसलेमपासूनचे अंतर ६० स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर आहे. एल-कुबेबा आणि अबू घोष ही गावे त्या हिशेबात बसतात. काही प्राचीन हस्तलिखितांत मात्र १६० स्टेडिया असे आहे. ते अंतर सुमारे ३० किलोमीटरवरील निकोपोलिसशी जुळते. संत जेरोमही निकोपोलिसलाच अम्माउस मानत असे.

या निकोपोलिसशी एका साध्या धर्मभगिनीचे नाव जोडलेले आहे. मरियम बावार्दीचा जन्म ५ जानेवारी १८४६ रोजी गालिलातील इबिलीन गावी झाला. तिच्या आधीची बारा भावंडे लहानपणीच दगावली होती. आईवडिलांनी बेथलेहेमला पायी जाऊन मुलीसाठी प्रार्थना केली आणि मरियम जन्मली. पण लवकरच तेही देवाघरी गेले. पोरकी मरियम काकांकडे वाढली. पुढे तिने घरोघरी मोलकरणीचे काम केले.

१८६७ मध्ये ती फ्रान्समधील पो येथील कार्मेल मठात दाखल झाली. १८७० मध्ये ती आपल्या भारतात, मंगळूरला आली आणि तेथेच २१ नोव्हेंबर १८७१ रोजी तिने व्रते घेतली. मात्र गैरसमजांमुळे तिला फ्रान्सला परतावे लागले. तिने मनात कटुता ठेवली नाही. १८७५ मध्ये ती बेथलेहेमला नवा मठ उभारायला गेली.

१८७८ मध्ये नाझरेथला जाताना वाटेत निकोपोलिसचे अवशेष पाहून तिने हेच अम्माउस असल्याचे सांगितले. पुढे ती जागा कार्मेलसाठी विकत घेण्यात आली. उत्खननात प्राचीन ख्रिस्तमंदिराचे अवशेष मिळाले. त्याच वर्षी मठाच्या बांधकामावरील मजुरांना पाणी नेताना पडून तिचा हात मोडला, जखम चिघळली आणि २६ ऑगस्टला ती प्रभूघरी गेली. तेव्हा ती अवघी ३२ वर्षांची होती. पोप फ्रान्सिस यांनी १७ मे २०१५ रोजी तिला संतपद बहाल केले.

ख्रिस्तसभेने अम्माउसच्या जागेविषयी अंतिम निर्णय दिलेला नाही. मरियमचे सांगणे हा श्रद्धेचा विषय आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. शिष्यांनीही प्रभूला वाटेत ओळखले नाही, भाकर मोडताना ओळखले. ती भाकर आज रविवारी आपल्याच वेदीवर मोडली जाते. पवित्र भूमीला जाणे प्रत्येकाला जमेल असे नाही, पण त्या भोजनाला आपण सारेच बसू शकतो.