अंगणात बसलेली शिक्षिका : ताराबाई मोडक

बालवाडी आणि अंगणवाडी हे दोन शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की ते कोणीतरी एके काळी विचारपूर्वक योजले असतील हे मनातही येत नाही. आपल्या बेंगळूरमधील अंगणवाड्यांच्या पाट्या कन्नड लिपीत असतात आणि त्या वाचणाऱ्याला हा शब्द कन्नडच वाटतो. वास्तविक तो मराठी आहे. समुद्रकाठच्या डहाणू तालुक्यात, वारली पाड्यांवरच्या अंगणांत तो रुजला आणि तेथून देशभर गेला. त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र हीरक महोत्सवाच्या या अंकात यावे असे मला फार वाटत होते. त्याचे कारण ओघात येईलच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. अशा विवाहाची त्या काळी काय किंमत मोजावी लागे हे सांगावयास नको. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढील वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या, तेव्हा पदरी एक लहान मुलगी होती.

उपजीविकेसाठी त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. मान होता, वेतन होते. तरीही १९२३ च्या सुमारास ती जागा सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे आल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेतून ते मॉंटेसोरीबाईंच्या विचारांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. तेथील मुले गुजराती बोलणारी, म्हणजे ताराबाईंना परक्या भाषेतच काम करावयाचे होते. तीस वर्षे उलटलेल्या मराठी पदवीधर स्त्रीने चार वर्षांच्या मुलांचे गुजराती कान देऊन ऐकावे, त्यांचे शब्द उचलावेत आणि पुढे त्याच भाषेत लेखन-संपादन करावे, हा मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. मुलाला भाषा कशी येते हे त्यांनी पुस्तकांतून तर वाचलेच, परंतु स्वतः शिकाऊ होऊनही अनुभवले.

मॉंटेसोरी पद्धतीत भाषेचे धडे मोठ्या शिस्तीचे असतात. प्रथम शिक्षिका वस्तूचे नाव सांगते. मग मुलाकडून ती वस्तू ओळखून घेते आणि अगदी शेवटी ते नाव मुलाच्या तोंडून यावे अशी अपेक्षा करते. मूल चुकले तर त्याला चूक न म्हणता धडा तेथेच थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावयाचा. अक्षराचे नाव नंतर, आधी त्याचा ध्वनी. काचकागदाचे अक्षर बोटाने गिरवता गिरवता तो उच्चारावयाचा. गिजुभाई-ताराबाईंनी हे सर्व स्वीकारले, मात्र एका बाबतीत त्यांनी गुरूचे ऐकले नाही. मॉंटेसोरीबाईंना लहान वयात परीकथा, कल्पितकथा फारशा मान्य नव्हत्या. भावनगरच्या बालमंदिरात लोककथा, गाणी, नाटुकली यांना मानाचे स्थान मिळाले. आपल्या देशातील मूल आजीच्या गोष्टीवर वाढते, तिच्याविना त्याची भाषा कोरडी राहील, हा त्यांचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीत निघे. १९३३ पासून ती मराठीतही निघू लागली आणि ताराबाईंनी ती दीर्घकाळ संपादिली. शिक्षकांइतकेच पालकही तिचे वाचक असावेत हा आग्रह होता. ‘बालकांचा हट्ट’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला आणि जोडीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. येथपर्यंतचे सारे कार्य मात्र शहरी, मध्यमवर्गीय मुलांसाठी होते.

ती कुंपणरेषा त्यांनी १९४५ मध्ये ओलांडली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या आणि ग्रामबालशिक्षणाचे केंद्र उघडले. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. (याच वर्षी त्याच परिसरात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. पाड्यावरचे मूल शाळेत का येत नाही, याचे अर्धे उत्तर त्यात आहे.) शाळा उघडली म्हणून मुले येतील हा भ्रम लवकरच दूर झाला. मुलांना गुरे राखायची असत, मुलींना धाकटी भावंडे सांभाळायची असत. तेव्हा शाळाच पाड्यावर न्यावी, कोणाच्या तरी झोपडीपुढील अंगणात भरवावी असे ठरले. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच मोजण्याची आणि नावे सांगण्याची सामग्री झाली.

या बदलाचा खर्चाशी जितका संबंध आहे त्याहून अधिक भाषेशी आहे, असे मला वाटते. शाळेच्या इमारतीत शिक्षिका यजमान असते आणि मूल परके. अंगणात हे उलटते. तेथील झाडाची, पाखराची, भांड्याची नावे मुलाला ठाऊक असतात, शिक्षिकेला नसतात. विचारायचे तिने, सांगायचे मुलाने. वारली बोली पुस्तकी मराठीहून बरीच दूर, पण स्वतःच्या अंगणात कोणते मूल मुके राहील?

आता आपल्या शाळेकडे वळते. मी नवी शिक्षिका असताना पहिलीतल्या एका मुलाने सुट्टीत काय केले याचे उत्तर देताना, अज्जीकडे ऊट केलो, असे सांगितले. चिकपेटच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या शेजारी नांदलेली आपली मराठी अशीच आहे. मी त्याला तीनदा थांबवून, आजीकडे जेवलो, असे म्हणावयास लावले. त्याने ते अचूक म्हटले आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत वर्गात तो एक अक्षर बोलला नाही. पुढे त्याची आई भेटावयास आली. घरची मराठी चुकीची असेल तर मुलाशी यापुढे हिंदीतच बोलू का, असे तिने अत्यंत नम्रपणे विचारले. तो प्रश्न मी अद्याप विसरलेले नाही. मराठी शाळेच्या दारातून एक घर मराठी सोडून देण्याच्या तयारीने परत निघाले होते आणि त्याला कारण मी होते.

ताराबाईंचे चरित्र मी त्यानंतर नीट वाचले. तेव्हापासून आमच्या पहिलीत मुलाचे वाक्य कोणी तोडत नाही. अज्जीकडे ऊट केलो असे ते म्हणाले, की बाई आनंदाने विचारतात, आजीकडे जेवलास होय, आणि जेवायला काय काय होते? योग्य रूप कानावर पडते, बोलणेही पुढे जाते. पालकांनाही हेच करता येईल. दुकानाचे शटर ओढून घरी आल्यावर मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे मुलाचे ऐकावे, त्याच्या वाक्यात आपले एखादे वाक्य मिसळावे आणि गोष्ट सांगण्याचे काम आजीकडून काढून घेऊ नये. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, दूरचित्रवाणीवर हिंदी, यामुळे मूल बोलायला मागे पडते ही समजूत निराधार आहे. मात्र दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर भाषेला दोष देत थांबू नये, प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. १९६५ पासून म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, म्हणजे आपल्याला दूर जावयाचे नाही.

१९५७ मध्ये बोर्डीचे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी तेथे उभी राहिली. कडेवरच्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत तेथेच शिक्षक जाऊन बसे. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले.