यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजाधिराज सर यशवंतराव होळकर (दुसरे) (जन्म : ६ सप्टेंबर, इ.स. १९०८, इंदूर, मृत्यू : ५ डिसेंबर, इ.स. १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी महाराज होते. भारतीय संस्थानिकांमध्ये त्यांची ओळख प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे टिकून आहे. पहिली म्हणजे जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून त्यांनी इंदुरात उभारून घेतलेला ‘माणिकबाग’ हा निवासी राजवाडा, आणि दुसरी म्हणजे त्यांच्या आज अभिजात समजल्या जाणाऱ्या मोटारी. या दोन्ही गोष्टी अवघ्या सात-आठ वर्षांच्या काळातील आहेत. त्यांचे उर्वरित आयुष्य संस्थानी राजकारण, कौटुंबिक आघात आणि दीर्घ परदेशवास यांत गेले.

== घराणे आणि बालपण ==
यशवंतराव हे तुकोजीराव होळकर (तिसरे) आणि महाराणी चंद्रावतीबाई यांचे पुत्र. होळकर हे मूळचे नीरा नदीकाठच्या होळ गावचे धनगर घराणे. मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकात माळव्यात आपला अंमल बसवला. प्रजा बहुतांशी हिंदी-माळवी बोलणारी असली तरी घराण्याची आणि सरदार-मानकऱ्यांची घरातली भाषा मराठीच राहिली.

यशवंतराव गादीवर आले ते एका फौजदारी प्रकरणाच्या छायेत. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगम या नर्तकीला पळवून नेण्याच्या प्रयत्नात तो घडला होता. तपासाचे धागे इंदुरापर्यंत पोहोचले. चौकशी आयोगास सामोरे जाणे किंवा गादी सोडणे, असे दोन पर्याय ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पदत्याग केला. आजोबा शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये मुलासाठी गादी सोडली होती. सलग दोन पिढ्यांच्या पदत्यागानंतर राज्य सतरा वर्षांच्या मुलाकडे आले. त्यामुळे पूर्ण अधिकार मिळेपर्यंत, म्हणजे मे १९३० पर्यंत, कारभार मंत्रिमंडळाने चालवला. सिरेमल बाफना हे या काळात आणि पुढेही १९३९ पर्यंत संस्थानाचे पंतप्रधान होते. महाराज परदेशी असताना राज्य सुरळीत चालले, याचे बरेचसे श्रेय त्यांना द्यावे लागते.

यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चीम आणि चार्टरहाउस या शाळांत व पुढे ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले.

== विवाह ==
१९२४ मध्ये यशवंतरावांचा विवाह कागल (धाकटी पाती) येथील दत्ताजीराव घाटगे यांच्या कन्येशी झाला. सासरी त्यांचे नाव संयोगिताबाई ठेवण्यात आले. कागलचे घाटगे हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जन्मघराणे. मराठा आणि धनगर समाजांत विवाहसंबंध घडवून आणावेत, असा शाहू महाराजांचा आग्रह होता आणि हा संबंध त्यांच्याच पुढाकाराने ठरला होता. तो प्रत्यक्षात आला तेव्हा शाहू महाराज हयात नव्हते. आधुनिक महाराष्ट्रातील आंतरजातीय विवाहांच्या इतिहासात या विवाहाचे स्थान महत्त्वाचे आहे. माणिकबागेच्या झगमगाटापुढे ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

विवाहानंतर संयोगिताबाईही युरोपात राहिल्या. छायाचित्रकार मॅन रे याने या तरुण दांपत्याची अत्यंत अनौपचारिक छायाचित्रे काढली. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मॉन्व्हेल याने यशवंतरावांना १९२९ मध्ये पाश्चात्त्य सायंकालीन पोशाखात रंगवले आणि काही वर्षांनी पारंपरिक मराठा दरबारी वेशात. दोन्ही चित्रांतील उंच, सडपातळ, लांब बोटांची आकृती एकच आहे.

== माणिकबाग ==
=== पार्श्वभूमी ===
होळकरांची इंदुरातील घरे त्या-त्या काळाची साक्ष देतात. जुन्या शहरातील सातमजली राजवाडा मराठा वाड्याच्या परंपरेतला आहे. तुकोजीराव (तिसरे) यांच्या कारकिर्दीत पूर्ण झालेला लालबाग राजवाडा युरोपीय अभिजात शैलीत असून त्याचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून बेतलेले आहे. यशवंतरावांना यांपैकी काहीच नको होते. त्यांना हवे होते ते युरोपातील समकालीन, अलंकरणाला फाटा देणारे घर.

ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांची एकार्ट मुथेसियुस या जर्मन तरुणाशी ओळख झाली. १९०४ मध्ये जन्मलेला एकार्ट महाराजांहून चारच वर्षांनी मोठा होता. त्याचे वडील हेरमान मुथेसियुस हे इंग्रजी निवासी वास्तुकलेवरील त्रिखंडी जर्मन ग्रंथाचे कर्ते आणि स्कॉटिश वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिंटॉश याचे स्नेही. घर म्हणजे भिंतींपासून दिव्याच्या बटणापर्यंत एकच रचना असते, ही धारणा एकार्टला घरातूनच मिळाली होती. पुरेसा अनुभव नसलेल्या विशीतल्या वास्तुविशारदावर संपूर्ण राजवाडा सोपवण्याचा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल.

=== बांधकाम आणि अंतर्भाग ===
१९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. तिला घुमट, छत्र्या, कमानी काहीही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो राजवाडा वाटत नाही, एखादे मोठे आधुनिक निवासस्थान वाटते. दारे-खिडक्यांच्या धातूच्या चौकटी, दिवे आणि अंतर्भागाचे बरेचसे सामान जर्मनीत तयार करून समुद्रमार्गे भारतात आणले गेले. जागतिक मंदीने जर्मनीतील कारागीर बेकार झाले होते, त्या काळात इंदूरच्या या मागणीने अनेक कार्यशाळांना काम दिले. माळव्याचा उन्हाळा जुन्या वाड्यांत जाड भिंती, चौक आणि ओसऱ्यांनी सुसह्य केला जात असे. इथे त्याऐवजी वातानुकूलन यंत्रणा बसवण्यात आली. भारतातील निवासी इमारतींमध्ये ती अगदी आरंभीच्या यंत्रणांपैकी होती.

फर्निचरचा काही भाग मुथेसियुसने स्वतः रचला. पाठीतच दिवा बसवलेल्या त्याच्या लाल आरामखुर्च्या विशेष प्रसिद्ध आहेत. उरलेले सामान पॅरिस आणि बर्लिनमधून निवडून घेतले गेले. त्यात एमिल-जाक रूलमान यांचे फर्निचर, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियां यांची लांब आरामखुर्ची, आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची, लुई सोन्यो आणि शार्लोत अलीक्स यांनी रचलेले काच व धातूचे पलंग, इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे आणि ज्याँ प्युइफोर्का यांची चांदीची भांडी होती. पुढे जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवल्या गेलेल्या या वस्तू माणिकबागेत रोज वापरल्या जात होत्या.

महाराजांचे कलाविषयक सल्लागार फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे हे होते. ‘ज्यूल ए जिम’ या कादंबरीचे लेखक म्हणून ते नंतर ओळखले गेले. रोशे यांच्यामार्फत महाराजांचा रुमानियन शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रँकुशी याच्याशी संबंध आला आणि ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन आवृत्त्या त्यांनी विकत घेतल्या : एक कांस्याची, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराची.

== मोटारी आणि इतर वाहने ==
मराठी संस्थानांत वाहनांची व्यवस्था ही कारभाराची स्वतंत्र शाखा असे. पागा, पीलखाना, बग्गीखाना यांच्या जोडीला विसाव्या शतकात मोटारखाना आला. त्यासाठी स्वतंत्र इमारती, चालक, मिस्त्री आणि हिशेबाच्या वह्या आल्या. बहुतेक संस्थानिकांच्या मोटारी मिरवणुकीच्या रथाचीच जागा घेत आणि त्यांवर चांदीचे काम, राजचिन्हे, पडदे असत. यशवंतरावांची आवड निराळी होती. त्यांना वेगवान आणि स्वतः चालवता येण्याजोग्या गाड्या हव्या असत. ज्या दृष्टीने त्यांनी घर निवडले, त्याच दृष्टीने गाड्याही निवडल्या.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे अमेरिकन ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ प्रकारची दोन आसनी उघडी मोटार. त्या काळी उंची मोटारींचा सांगाडा एका कारखान्यात आणि वरची पेटी दुसऱ्या कारागिराकडे, गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे बनवण्याची रीत होती. या गाडीचा सांगाडा व इंजिन अमेरिकेतून लंडनला गेले आणि तेथील जे. गर्नी नटिंग या पेढीने त्यावर लांबट, नारिंगी व काळ्या रंगाची पेटी चढवली. सुमारे ६.९ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाला हवा कोंबणारे सुपरचार्जर जोडल्यावर त्याची शक्ती कंपनीच्या दाव्यानुसार ३२० अश्वशक्ती होई. एसजे प्रकारच्या जेमतेम तीन डझन गाड्या बनल्या. १९३७ मध्ये, म्हणजे इंदूरची गाडी पूर्ण झाली त्याच सुमारास, ड्यूसेनबर्गचा व्यवसाय बंद पडला. ही गाडी पुढे अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली.

मुथेसियुसचे काम घराच्या उंबरठ्यावर थांबले नाही. महाराजांसाठी त्याने रेल्वेचा डबा, विमानाचा अंतर्भाग, नौकागृह आणि शिकारीच्या प्रवासासाठी फिरते घर यांच्याही रचना केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो जर्मनीला परतला आणि इंदूरसाठी त्याने मनात योजलेली पुढची बरीच कामे कागदावरच राहिली.

== संयोगिताबाईंचा मृत्यू आणि अपुरे मंदिर ==
१९३३ मध्ये पॅरिस येथे उषादेवी या कन्येचा जन्म झाला. जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताबाईंचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांना पंचविसावे वर्षही लागले नव्हते. माणिकबागेत त्यांचे एकत्र वास्तव्य चारेक वर्षांचेच ठरले, आणि त्यातलाही बराच काळ परदेशात गेला होता.

राजवाड्याच्या बागेत एक ध्यानमंदिर बांधावे आणि ब्रँकुशीचे तिन्ही पक्षी त्यात जलाशयाभोवती मांडावेत, अशी योजना त्याआधीपासून चालू होती. तिच्यासाठी ब्रँकुशी १९३७ च्या अखेरीस इंदुरात आला. महाराजांची मनःस्थिती आणि प्रकृती तोवर पालटली होती. काही आठवड्यांनी शिल्पकार परतला आणि मंदिर कधीच बांधले गेले नाही.

== राज्यकारभार ==
राज्यकर्ते म्हणून यशवंतरावांचे मूल्यमापन करताना त्यांची दीर्घ अनुपस्थिती नजरेआड करता येत नाही. संस्थानाच्या महसुलातून परदेशांतील वास्तव्य आणि खरेदी यांवर होणारा खर्च टीकेचा विषय होता. दुसरीकडे, १९३८ मध्ये संस्थानातील मंदिरे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांस खुली करण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतला. इंदूरच्या पाणीपुरवठ्यासाठी गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर तलावही याच काळातला आहे. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून भारताच्या राजकीय प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. ब्रिटिश सत्तेखालील संस्थानिकासाठी हे असाधारण पाऊल होते.

क्रिकेटला त्यांनी दिलेला आश्रय अधिक फलदायी ठरला. सी.के. नायडू आणि मुश्ताक अली यांसारखे खेळाडू असलेल्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघराज्यात विलीन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. मध्य प्रदेशाची पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, ते या पदावर होते.

== उत्तरायुष्य ==
संयोगिताबाईंच्या मृत्यूनंतर यशवंतरावांनी मार्गारेट लॉलर या अमेरिकन महिलेशी विवाह केला. १९४३ मध्ये हा विवाह संपुष्टात आल्यावर त्यांनी युफेमिया क्रेन यांच्याशी विवाह केला. त्यांना १९४४ मध्ये रिचर्ड (शिवाजीराव) हा मुलगा झाला. त्याच्या वारसाहक्काविषयी प्रश्न निर्माण झाल्याने उषादेवींना वारस म्हणून मान्यता देण्यात आली. कन्येकडे वारसा गेल्याचे हे संस्थानी इतिहासातील विरळ उदाहरण आहे. यशवंतरावांचे मुंबईत वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी निधन झाले. इंदूरचे शासकीय महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

== वास्तूची आणि संग्रहाची पुढील वाटचाल ==
ब्रँकुशीचे संगमरवरी पक्षी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले. कांस्य पक्षी कॅलिफोर्नियातील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिकबागेची इमारत केंद्र सरकारकडे गेली आणि तेथे अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. मे १९८० मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने राजवाड्यातील फर्निचर मोनाको येथे विक्रीस काढले. खुर्च्या, पलंग, दिवे आणि गालिचे निरनिराळ्या खरेदीदारांकडे विखुरले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले. त्या वेळी यांपैकी अनेक वस्तू जवळपास चाळीस वर्षांनी काही महिन्यांपुरत्या एका छताखाली आल्या. इंदुरातील मूळ इमारतीत आजही शासकीय कार्यालय चालते.