कोंबडीचं कूळ शोधणारे डार्विन

खुराड्यातली कोंबडी मुळात आली कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. हा प्रश्न धसाला लावला तो चार्ल्स डार्विन यांनी. माकड नि माणूस यांचं नातं निघालं की त्यांचं नाव येतं. पण आयुष्यातली कित्येक वर्षं त्यांनी कबुतरं नि कोंबड्या तपासण्यात घातली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूसबरीचा. वडील नावाजलेले डॉक्टर. पोरानंही डॉक्टर व्हावं म्हणून त्याला एडिंबराला धाडलं. पण शस्त्रक्रिया बघवेनात, तेव्हा ते शिक्षण सुटलं. केंब्रिजची पदवी घेऊन १८३१ मध्ये ते 'बीगल' जहाजावर चढले, ते पाच वर्षांनी परतले. १८४२ पासून केंट परगण्यातल्या डाऊन या खेड्यात त्यांनी मुक्काम ठोकला. प्रकृती कायम तोळामासा, त्यामुळे बहुतेक काम घरी बसूनच चाले.

१८५५ मध्ये त्यांनी कबुतरं पाळायला घेतली. पाळीव पक्ष्यांचे नमुने मिळावेत म्हणून देशोदेशी पत्रं पाठवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातले एडवर्ड ब्लाइथ यांनी रानकोंबड्यांची बारीकसारीक माहिती कळवली. मद्रासेहून वॉल्टर इलियट यांनी नमुने धाडले.

डार्विन यांनी स्वतः संकरही करून पाहिले. काळ्या स्पॅनिश कोंबड्याची पांढऱ्या रेशमी पिसांच्या कोंबडीशी जोड लावली. त्या पिल्लांतला एक नर मोठा झाला, तो थेट लाल रानकोंबड्याच्या रंगावर गेला! लाल रानकोंबड्याचा गावठी कोंबडीशी सहज संकर होतो नि पुढची पिढीही वाढते. रूप नि आवाजही जुळतो. एवढं ताडून १८६८ मध्ये त्यांनी दोन खंडांचा ग्रंथ काढला आणि सगळ्या कोंबड्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात असल्याचं मांडलं. १९ एप्रिल १८८२ रोजी ते वारले.

त्यांचं म्हणणं बव्हंशी खरं निघालं. एक गोष्ट मात्र राहून गेली. आपल्या सह्याद्रीत दिसणारा करडा रानकोंबडा त्यांनी या वंशावळीतून वगळला होता. पण कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण या करड्या रानकोंबड्याकडूनच आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या तपासणीतून पुढे आलं. म्हणजे खुराड्यातल्या कोंबडीचं थोडं रक्त आपल्या डोंगरातलंही आहे.

आता खरी काळजी पुढेच आहे. लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य व पूर्व भारत आणि पार आग्नेय आशियापर्यंत आढळतो. संख्येनं तो कमी नाही. पण जंगलालगत गावं वाढली, मोकाट कोंबड्या रानात शिरल्या नि संकर वाढला. अस्सल रानकोंबडा विणीचा हंगाम सरला की मानेची झळाळती पिसं टाकतो नि तिथं काळी पिसं येतात. गावठी कोंबड्यात हे दिसत नाही. ज्या सहज संकरावरून डार्विन यांनी कूळ ओळखलं, तोच संकर आज ते कूळ पुसतो आहे. सह्याद्रीतल्या करड्याला धोका आहे तो फासे, शिकार नि तुटत्या जंगलाचा.

मूळ बियाणं गेलं तर पुढं नवी जात काढायची कशावरून, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून रानाकडेच्या वाड्यावस्त्यांनी कोंबड्या जंगलात मोकाट सोडू नयेत, मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी नि फासे लावूच नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानकोंबड्याची शिकार हा गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचं राहू द्या. आपल्याच कोंबडीचं माहेर आहे ते.