डॉ. कमल रणदिवे : मरण विसरलेल्या पेशींच्या अभ्यासक

भोपाळमधल्या आपल्या मराठी घरांना कर्करोग आता परका राहिलेला नाही. कुणाची आत्या, कुणाचे काका, प्रत्येकाकडे एखादे नाव निघतेच. पण या रोगाच्या मुळाशी जाणारी प्रयोगशाळा भारतात एका मराठी बाईंनी उभी केली, हे आपल्या मुला-नातवंडांना क्वचितच ठाऊक असते. म्हणून या वेळी आम्ही डॉ. कमल रणदिवे यांची ओळख करून देत आहोत.

माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी शिकलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. हुजूरपागेत कमलताईंचे शालेय शिक्षण झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही वडिलांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. त्यांनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले आणि १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह केला. पुढे सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्या एम.एस्सी. झाल्या.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतल्या पेशी वाढू लागल्या, त्या आजतागायत वाढतच आहेत. मायदेशी परतून कमलताईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

या कामाचे महत्त्व साध्या शब्दांत असे. निरोगी पेशीला आपली वेळ संपल्याचे कळते आणि ती शिस्तीने मरते. बेडकाच्या पिल्लाची शेपटी अशीच नाहीशी होते. या मरणाला १९७२ मध्ये शास्त्रज्ञांनी अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले. कर्कपेशी ही आज्ञा धुडकावते. आज्ञा देणारे पी-५३ नावाचे जनुक सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. किरणोपचार आणि बरीच औषधे या पेशींना पुन्हा मरणाच्या वाटेवर ढकलतात. हा शोध कमलताईंचा नव्हे. पण पेशी बाहेर वाढवून तपासता आल्या नसत्या, तर तो लागणेही कठीण होते. भारतात ती सोय त्यांनी केली.

स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असल्याचे मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी स्त्रियांच्या आरोग्यशिक्षणासाठी त्या झटल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या भगिनींना आमची एवढीच विनंती, की छातीत गाठ लागली तर लाजेपोटी किंवा भीतीपोटी लपवू नका. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कमलताईंच्या स्मृतीला याहून वेगळे अभिवादन नको.