फ्लॉरेन्स नाइटिंगेल : प्रश्न विचारण्याची विद्या

थोर व्यक्तींचे लोकांच्या स्मरणात बहुधा एकच चित्र उरते, आणि त्या एका चित्राच्या तेजात त्यांचे बाकीचे आयुष्य दिसेनासे होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच, हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी दयाळू स्त्री आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु नव्वद वर्षांच्या आयुष्यात तो काळ जेमतेम पावणेदोन वर्षांचा होता. त्यानंतर कित्येक वर्षे बाईंच्या हाती दिवा नव्हता, लेखणी होती. आणि त्या लेखणीने त्यांनी इतर लेखनाबरोबरच अगणित प्रश्न लिहिले. नेमका प्रश्न विचारल्यावाचून खरी माहिती मिळत नाही आणि खऱ्या माहितीवाचून कोणाचेही दुःख दूर करता येत नाही, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. विद्यार्थिमित्रांना त्यांच्या या दुसऱ्या रूपाचा परिचय व्हावा, एवढ्यासाठी आम्ही त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगत आहोत.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाला. आईवडील इंग्रज व संपन्न होते. प्रवासात असताना कन्यारत्न झाले म्हणून त्या नगराचेच नाव त्यांनी मुलीला ठेवले. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सचा ओढा गणिताकडे होता. मुलीच्या जातीला गणित कशाला, असे आईला वाटे. तरी हट्टाने तिने तोही अभ्यास चालविला. पुढे रुग्णसेवा करण्याचा मनोदय तिने बोलून दाखविला तेव्हा तर घरात वादळच उठले. त्या काळी इस्पितळातील परिचारिकेचे काम कुलीन स्त्रीला अगदी अयोग्य मानीत. अनेक वर्षे घरच्यांशी झगडून अखेर इ. स. १८५१ मध्ये तिने जर्मनीतील कायझरस्वेर्थ येथे शिक्षण घेतले, आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्या हाती आली.

इ. स. १८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी व आजारी इंग्रज शिपायांचे तुर्कस्तानातील स्कुटारी येथे अतोनात हाल चालले आहेत, अशा वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रियांचे पथक घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या स्कुटारीला पोहोचल्या. तेथील घाण, उपासमार व अव्यवस्था यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस येथे एक वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. किती शिपाई मृत्यू पावले, याची नोंद तेथे एकाहून अधिक ठिकाणी ठेवली जात होती आणि त्या नोंदींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. माणसे मरत होती. पण किती, आणि कशाने, याचे एकच एक उत्तर कोणापाशीही नव्हते.

इ. स. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीच्या इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले होते. मार्च महिन्यात विलायतेहून आरोग्यमंडळ आले. त्याने इस्पितळाखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. स्वदेशी परतल्यावर, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने बाईंनी सारे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना कळून चुकले की शत्रूच्या गोळ्यांपेक्षा, टाळता येण्याजोग्या रोगांनीच कितीतरी अधिक शिपाई मारले. इतकेच नव्हे, तर शांततेच्या काळात, मायदेशी बराकीत राहणारे धडधाकट तरुण शिपाईसुद्धा त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. हे सत्य त्यांनी रंगीत आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. इ. स. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. असा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

यानंतर लवकरच त्यांचे रुग्णशुश्रूषेवरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते घरोघरच्या स्त्रियांसाठी लिहिलेले होते. त्यात रोग्याचे निरीक्षण कसे करावे यावर एक प्रकरण आहे, आणि त्यात प्रश्न कसा विचारू नये याचे जे विवेचन आहे ते आजही कोणत्याही पाहणी करणाऱ्याने पाठ करावे असे आहे. उत्तर सुचविणारा प्रश्न नेहमी चुकीचीच माहिती गोळा करतो, असे त्यांचे सांगणे. रोग्याला रात्र चांगली गेली काय, असे विचारले तर त्या प्रश्नाला अर्थच राहत नाही. एखाद्याला दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट गेली असे वाटते, दुसरा अधूनमधून डुलकी लागली तरी संतुष्ट असतो. दोघांचीही उत्तरे आपापल्या परीने खरी. पण वैद्याला त्यांपासून काय कळणार? म्हणून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे विचारावे. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे सहज तोंडून निघणारे उत्तरही कमी ऐकू येईल.

भुकेचेही तसेच. रोग्याने ताट परत पाठविले की त्याला भूक नाही, असे सांगून सारे मोकळे होतात. बाई म्हणतात, येथे चार निराळी कारणे असू शकतात : अन्न नीट शिजलेले नसेल, अन्नाची निवड चुकली असेल, जेवणाची वेळ चुकली असेल, अथवा खरोखरच भूक नसेल. चारांवर उपाय चार. परंतु प्रश्न एकच आणि मोघम असला म्हणजे चौघांचेही उत्तर एकच येते आणि चौघांनाही एकच औषध मिळते. आपल्याकडेही आजाऱ्याच्या समाचाराला गेलेला मनुष्य, बरे वाटते ना, असे विचारतो आणि आजारी मनुष्य शिष्टाचार म्हणून मान डोलावितो. कोकणीतले बरें मू हे शब्द तर प्रश्नापेक्षा नमस्कारच अधिक. असा नमस्कार अवश्य करावा. मात्र त्याच्या उत्तरावर उपचार ठरवू नये.

खाटेजवळ शिकलेला हा धडा बाईंनी देशाच्या कारभाराला लावला. इ. स. १८६१ ची इंग्लंडची खानेसुमारी जवळ आली तेव्हा, त्या दिवशी घरोघर आजारी किती आणि त्यांना कोणते आजार, तसेच लोक राहतात ती घरे कशी, हे दोन प्रश्न तीत घालावेत अशी त्यांनी व फार यांनी खटपट केली. आजाराविषयी लोकांना नीट सांगता येणार नाही, असा सरकारचा आक्षेप. आयर्लंडच्या खानेसुमारीत आजाऱ्यांची चौकशी १८५१ मध्येच झाली होती, तरी इंग्लंडमध्ये ती मागणी मान्य झाली नाही. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचे उत्तर पुढच्या दहा वर्षांत कोणालाही मिळणार नाही, ही त्यांची खंत होती.

त्यांच्या प्रश्नपत्रकांपैकी सर्वांत मोठे आपल्याच देशाकडे आले. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी इ. स. १८५९ मध्ये एक राजकीय आयोग नेमला गेला. बाई तेव्हा बहुतेक काळ अंथरुणाला खिळलेल्या असत. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. सरकारी दप्तरांत हवी ती माहिती नव्हती. तेव्हा फार आणि डॉ. सदरलंड यांच्या सल्ल्याने त्यांनी एक सविस्तर प्रश्नपत्रक तयार केले आणि ते तिन्ही इलाख्यांतील लष्करी ठाण्यांकडे रवाना झाले. पुणे, बेळगाव, अहमदनगर ही त्या काळी मुंबई इलाख्यातील अशीच ठाणी होती.

या प्रश्नपत्रकाची रचना अभ्यासण्याजोगी आहे. फौजेची प्रकृती कशी आहे, असा एकच ढोबळ प्रश्न बाईंनी विचारला नाही. जागा, हवामान, पाणी, सांडपाण्याची वाट, बराकी, आहार, मद्य, इस्पितळ, मृतांचे दफन असे विषय त्यांनी वेगळे पाडले. ज्याचे ज्ञान ज्याला, त्याच्याकडून उत्तर यावे म्हणून सेनाधिकारी, अभियंता व वैद्य या तिघांनाही त्यात गोवले. प्रश्न सर्व ठाण्यांना एकच असल्यामुळे एका ठाण्याची दुसऱ्याशी तुलना करता येऊ लागली.

उत्तरांचे ढीग लंडनमध्ये येऊन पडले, तेव्हा त्यांतून एक विलक्षण चित्र उभे राहिले. पाणी उत्तम आहे, असे पुष्कळांनी कळविले होते. पण ते रंग, चव आणि वास यांवरून ठरविलेले, पृथक्करण क्वचितच केलेले. सांडपाण्याची नीट वाट जवळपास कोठेच नव्हती. काही बराकींत एकेका दालनात शंभर-शंभर माणसे, क्वचित त्याहूनही अधिक, निजत होती. मोघम प्रश्न केला असता तर सर्व ठीक आहे, एवढेच उत्तर समुद्र ओलांडून आले असते. आयोगाचा अहवाल इ. स. १८६३ मध्ये दोन हजारांवर पृष्ठांचा प्रसिद्ध झाला. बाईंनी या उत्तरांवर लिहिलेले निरीक्षण सचित्र छापविले आणि वाचकांपर्यंत पोहोचविले. अहवालाप्रमाणे हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षाला ६९ शिपाई मरत होते. या आकड्यात युद्धाची वर्षेही मिसळली आहेत, असा आक्षेप येथील अधिकाऱ्यांनी घेतला, आणि त्यात तथ्य होते. तरीही त्यानंतर तिन्ही इलाख्यांत आरोग्यमंडळे नेमली गेली, सुधारणांस आरंभ झाला, आणि दहा वर्षांनी हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे बाईंनी नमूद केले.

त्यांचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही, आणि त्या अपयशांतही बोध आहे. सर्व इस्पितळांनी एकाच नमुन्यात रोग्यांची नोंद ठेवावी म्हणून त्यांनी तक्ते तयार केले. इ. स. १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने ते उचलून धरले, काही इस्पितळांनी वापरूनही पाहिले. परंतु तक्ते भरणे फार कष्टाचे, शिवाय रोगांच्या वर्गवारीवर वैद्यांचे एकमत नाही; यामुळे ते मागे पडले. प्रश्न कितीही चांगला असला तरी उत्तर देणाराच्या शक्तीबाहेर ओझे घातले तर तो वाया जातो. वसाहतींतील देशी मुलांच्या शाळांची व इस्पितळांची पाहणीही त्यांनी प्रश्नपत्रके धाडूनच केली. ती १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुष्कळ ठिकाणांहून अपुरी उत्तरे आली, कारण मुळात तेथे नोंदीच नव्हत्या. या अपुरेपणावरच बोट ठेवून बाईंनी नीट नोंदी ठेवण्याची मागणी केली.

आणखी एक उणीव मोठी होती. हिंदुस्थानाविषयीचे प्रश्न गेले ते साहेबांकडे. ज्या रयतेच्या गावांशेजारी ही ठाणी वसली होती तिला कोणी विचारले नाही. शिपायाचे आरोग्य भोवतालच्या लोकांच्या आरोग्यापासून वेगळे काढता येत नाही, हे बाईंना पुढे उमगले. दुष्काळ, पाटबंधारे, कुळांची स्थिती यांकडे त्या वळल्या आणि हिंदी लोकांशी त्यांनी पत्रव्यवहार जोडला. त्यांत आपली पुण्याची सार्वजनिक सभाही होती. या सभेनेही दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची स्वतः चौकशी केली होती, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणास्पद आहे. कोणाविषयी विचारावयाचे ते ठरविण्याइतकेच कोणाला विचारावयाचे हे ठरविणेही महत्त्वाचे असते.

इ. स. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळविणारी पहिली स्त्री त्याच. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या उपक्रमासाठी तुम्हांपैकी पुष्कळांना वही घेऊन घरोघर माहिती विचारीत जावे लागते. जाण्यापूर्वी आपले प्रश्न एकदा पारखून पाहावेत. पाणी चांगले आहे ना, असे लिहिले असेल तर ते खोडावे, आणि पाणी कोठून येते, दिवसातून किती वेळ येते, ते उकळून पिता काय, असे तीन वेगळे प्रश्न लिहावेत. ज्याला उत्तर ठाऊक असेल त्यालाच विचारावे. पाणी भरणारी गृहिणी चुलीपाशी असता ओसरीवर बसलेल्या यजमानांचे ऐकून परत फिरू नये. प्रश्न थोडके ठेवावेत. आणि अपेक्षेहून निराळे उत्तर आले तरी ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. एखाद्या घरातले दूषित पाणी तुमच्या वहीतील एका नेमक्या प्रश्नामुळे उघडकीस आले आणि त्या घरातले मूल आजारातून वाचले, तर दीपधारिणी फ्लॉरेन्सबाईंचे काम तुम्हीही केले, असे आम्ही समजू.