लोखंडी नांगर रुजवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

आज शाश्वत शेती, शाश्वत उद्योग हे शब्द सगळीकडे ऐकू येतात. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या काळात ते नव्हते. पण शेतकऱ्याच्या गरजेतून अवजार घडवायचे, ते टिकले पाहिजे, आणि कारखान्याबरोबर माणसांची वस्तीही नांदली पाहिजे, हा त्यांचा विचार मात्र आजच्या या शब्दांच्या फार जवळचा होता.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची ओढ म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. मात्र रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेत त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. हक्काची बढती अँग्लो इंडियन सहकाऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांबरोबर सायकलचे दुकान होतेच. तिथे त्यांनी छोटा कारखाना थाटला.

पहिली कडबाकुट्टी, मग नांगर

कारखान्याचे पहिले महत्त्वाचे यंत्र म्हणजे कडबाकुट्टी. ज्वारीचा अख्खा कडबा टाकला की जनावर पाने आणि शेंडा खाते, जाड बुडखे तुडवून टाकते. कुट्टी केली की तोच कडबा जास्त दिवस पुरतो. दुष्काळी पट्ट्यात याची किंमत वेगळी सांगायला नको.

नांगराची गोष्ट मात्र अवघड निघाली. 1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि गिऱ्हाईकच मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेल्याचे सांगतात. खरे तर लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असायचा! पण या भीतीला नुसते अडाणीपण म्हणणे मला पटत नाही. लाकडी नांगर माती फोडतो, उलथत नाही. लोखंडी नांगराचा पंखा मातीची कड पूर्ण पालथी करतो. एकदम खोल नांगरले तर खालची कमी सुपीक माती वर येते आणि पहिल्या वर्षी पीक फिके पडू शकते. एका हंगामावर घर चालवणाऱ्याने असा धोका पत्करण्याआधी शंभरदा विचार करावा, हे शहाणपणच आहे. शिवाय नवे अवजार मोडले तर गावात दुरुस्त कोण करणार, हाही प्रश्न होताच.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. ते नांगर सुधारत राहिले. हरळी, कुंद्यासारख्या तणांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हात वाळतात, हे शेतात दिसू लागले आणि मागणी वाढली.

(आजच्या वाचकांसाठी एक सूचना. बैलांच्या नांगराचा हा गुण ट्रॅक्टरच्या नांगराला तसाच लावू नका. दरवर्षी खोल नांगरटीने सेंद्रिय कर्ब कमी होतो. तणांचा फार त्रास नसेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.)

निवडुंगातले गाव

नांगराचा जम बसतो न बसतो तोच 1910 मध्ये बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर माळ आणि 10 हजार रुपये कर्ज दिले. माळ कसला, निवडुंगाचे रान, सापांचा वावर आणि पाण्याचे दुर्भिक्ष. शेतीला कोणी घेतला नसता.

इथे खरा कस रामुअण्णांचा लागला, आणि त्यांचे नाव नेहमी मागे राहते. यंत्रे लक्ष्मणरावांची, पण रस्ते, घरे, पाणी यांची व्यवस्था बरीचशी थोरल्या भावाची. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम होता. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या रखवालीचे काम दिले गेले. तो काळ पाहता हे धाडसच होते. लक्ष्मणराव फारसे बोलके नव्हते. मात्र माणसावर एकदा विश्वास टाकला की अर्धवट टाकत नसत, असे या निर्णयांवरून वाटते.

पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप तिथे तयार होऊ लागले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. सांगली जिल्ह्यातून रेल्वेने जाताना कुंडल रोडच्या जागी आता किर्लोस्करवाडी हे नाव दिसते. तिथे पंप आजही बनतात.