कंदांच्या कुळाचे कुलगुरू : विल्यम हर्बर्ट

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुण्या-मुंबईच्या गच्चीवरील कुंड्यांतून एक जाड, पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाशी कर्ण्यासारखी लाल-केशरी फुले उमलतात. रोपवाटिकेत या फुलाला अमॅरिलिस म्हणतात, घरोघरी नुसतेच लिली. वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव मात्र हिप्पीअ‍ॅस्ट्रम. हे नाव १८२१ मध्ये रूढ करणारे विल्यम हर्बर्ट व्यवसायाने धर्मगुरू होते. उष्ण प्रदेशातला कंद थंड मुलखात हिवाळाभर उघड्यावर जगेल का, हा माळ्याचा प्रश्न; आणि सजीवांच्या जाती अचल असतात का, हा तत्त्वज्ञाचा. हर्बर्ट यांनी दोन्ही प्रश्न एकाच वाफ्यात लावले.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १७७८ रोजी झाला. कार्नार्व्हनचे पहिले अर्ल हेन्री हर्बर्ट यांचे ते तिसरे चिरंजीव. पुढे १९२२ मध्ये तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधामुळे जगभर गाजलेले लॉर्ड कार्नार्व्हन याच घराण्यातले. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर विल्यम यांनी वकिली केली, पार्लमेंटचे सदस्यत्व भूषविले आणि आइसलँडच्या प्राचीन काव्याचे इंग्रजी भाषांतर १८०४ मध्ये प्रसिद्ध केले. पण राजकारणात ते रमले नाहीत. १८१४ मध्ये दीक्षा घेऊन ते यॉर्कशायरमधील स्पॉफर्थ या गावी धर्मगुरू म्हणून गेले. त्यांच्या कीर्तीचा पाया घातला गेला तो या खेड्यात.

तो काळ साम्राज्यविस्ताराचा होता. दक्षिण आफ्रिकेतून, ब्राझील-पेरूमधून, हिंदुस्थानातून निघालेले कंद जहाजांतून इंग्लंडच्या बंदरांत उतरत. असा दुर्मीळ कंद हाती आला की श्रीमंत बागायतदार तो थेट तापविलेल्या काचघरात ठेवीत. हर्बर्ट यांना ही सरधोपट रीत मान्य नव्हती. एखादी वनस्पती निसर्गात जिथे सापडते, तीच जागा तिला सर्वांत मानवते असे नाही. आसपासच्या इतर वनस्पतींशी टक्कर देत जिथे तिला टिकाव धरता येतो तिथे ती वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते. वनस्पतींची वसतिस्थाने आणि गरजा या विषयावर १८४६ मध्ये त्यांनी स्वतंत्र लेखही लिहिला. त्याचा व्यावहारिक अर्थ सरळ होता. वनस्पतीच्या मूळ गावाचा नकाशा पाहून तिचे भवितव्य ठरवू नये, तिला लावून पाहावे.

हिवाळ्यात कंद मरतो तो पुष्कळदा केवळ थंडीने नव्हे, तर थंडी आणि ओल यांच्या जोडीने. पाण्याचा निचरा होणारी जमीन, खोल लागवड, उन्हाकडे तोंड केलेल्या भिंतीचा आडोसा आणि वर वाळलेल्या पानांचा जाड थर एवढी सोय झाली, तर विश्रांती घेणारा कंद बऱ्यापैकी थंडी काढतो. जमिनीवरची पाने गेली तरी मातीखालचा साठा शाबूत असेल, तर वसंतात नवा कोंब येतो.

मात्र निगराणीलाही मर्यादा असते. तिथून पुढे उपयोगी पडतो तो संकर. प्रिस्कॉट गावचे घड्याळजी आर्थर जॉन्सन यांनी १७९९ च्या सुमारास दोन जातींचा संकर करून हिप्पीअ‍ॅस्ट्रमचा पहिला ज्ञात संकरित प्रकार तयार केला होता. हा काटक प्रकार पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील बागांत उघड्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकला. हर्बर्ट यांनी हेच काम पद्धतशीर रीतीने आणि मोठ्या प्रमाणावर केले. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा नागदवणा ज्या क्रायनम प्रजातीतला, त्याच प्रजातीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या काटक क्रायनम कॅपेन्सचे त्यांनी इतर जातींशी संकर केले. त्यांच्या घराण्याच्या हायक्लेअर येथील बागेतही हिमालयातल्या लाल बुरांसाचा थंडी सोसणाऱ्या ऱ्होडोडेन्ड्रॉनशी संकर होऊन रंग आणि काटकपणा एकत्र आले.

या प्रयोगांतून त्यांच्या लक्षात आले, की संकर साधतो की फसतो हे केवळ फुलांच्या बाह्य साम्यावर ठरत नाही. दोन वनस्पतींची प्रकृती, म्हणजे हवा, माती, ओल यांविषयीच्या गरजा, जुळणे अधिक महत्त्वाचे. एक प्रयोग तर विलक्षण होता. हिप्पीअ‍ॅस्ट्रम ऑलिकमच्या एका कंदाला चार फुले आली. तीन फुलांना त्यांनी स्वजातीचेच पराग लावले आणि चौथ्याला अनेक जातींच्या मिश्रणातून आलेल्या संकराचे. पहिल्या तिन्ही फुलांचे बीजकोश थोड्याच दिवसांत वाळून गेले. चौथे फळ जोमाने वाढले आणि त्याचे बी उत्तम रुजले.

याचा अर्थ गंभीर होता. भिन्न जातींच्या संकराची संतती वांझच असते आणि ती वांझ नसेल तर मुळात जातीच भिन्न नव्हत, असा पक्ष बागायतशास्त्रातील अधिकारी पुरुष थॉमस अँड्र्यू नाइट मांडीत. हर्बर्ट यांनी त्यांच्याशी जाहीर मतभेद पत्करला. जाती म्हणजे अधिक स्थिरावलेले प्रकारच होत आणि ईश्वराने मुळात थोडेच नमुने घडवून त्यांतून पुढे विविधता आली असावी, असे त्यांनी म्हटले. जाती ईश्वराने एकेक करून घडविल्या असे मानणाऱ्या काळात, धर्मपीठावर बसणाऱ्याने हे लिहिणे साधी गोष्ट नव्हती. श्रद्धा न सोडता त्यांनी वाफ्यात दिसलेले सत्य मांडले.

या कुळावरचा त्यांचा 'अमॅरिलिडेसी' हा ग्रंथ स्वतः काढलेल्या चित्रांसह १८३७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८४० मध्ये ते मँचेस्टरचे डीन झाले. १८३९ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी हेन्स्लो यांच्यामार्फत संकराविषयी त्यांना प्रश्न पाठविले होते. १८४५ मध्ये त्यांनी हर्बर्ट यांची भेटही घेतली. १८५९ मधील 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये जीवनसंघर्षाच्या आणि संकराच्या प्रकरणांत हर्बर्ट यांचा आदराने उल्लेख आहे, ऑलिकमचा तो प्रयोगही आहे. हर्बर्ट यांना मात्र तो ग्रंथ पाहता आला नाही. २८ मे १८४७ रोजी लंडन येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले.

आफ्रिकेचा अमॅरिलिस आणि अमेरिकेचा हिप्पीअ‍ॅस्ट्रम वेगळे, या त्यांच्या विभागणीवर नावांचा वाद दीर्घकाळ चालला. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अमॅरिलिस हे नाव आफ्रिकी वनस्पतीकडेच राहिले आणि हर्बर्ट यांची विभागणी कायम झाली.

महाराष्ट्राच्या शहरांत या कंदाला हिमाचे भय नाही. हिवाळ्यात पाणी कमी करून त्याला विश्रांती दिली, की तो बाहेरच्या कुंडीत खुशाल राहतो. परमुलखातून आलेला हा पाहुणा किती सोसू शकेल, हे आधीच ठरवून टाकू नये, त्यालाच विचारावे, ही हर्बर्ट यांची शिकवण. त्यांच्या बागेतून निघून ती विज्ञानाच्या इतिहासात पोचली आणि आपल्या गच्चीवरच्या कुंडीतही ती दरवर्षी फुलते.